फळ, फळी की फळा

अर्धांगवायूचा झटका आल्यानंतर सहाव्या दिवशी बाबांच्या तोंडून पहिला शब्द फुटला, आणि तो शब्द होता 'फळ'.

धाकटी तेव्हा हॉस्पिटलच्या खाटेशेजारी स्टुलावर बसून त्यांच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडत होती, मिटत होती. नर्सने दिवसातून चार वेळा तसं करायला सांगितलं होतं. हात कसला, ओल्या कणकेचा गोळा नुसता. ज्या हाताने त्यांनी चाळीस वर्षं रंधा मारला, तो आता कुणी उचलला तर उचलला जायचा आणि सोडला की गादीवर थपकन पडायचा. पाच दिवस बाबा छताकडे बघत गप्प होते. आणि आता एकदम, तिच्याकडे मान वळवून, स्पष्ट आणि खणखणीत: "फळ."

धाकटीचा आनंद गगनात मावेना. बाबा बोलले! तेही काय, तर फळ मागितलं! ती तशीच चपला पायात सरकवून तीन जिने उतरली, रस्ता ओलांडून कोपऱ्यावरच्या गाड्यापाशी गेली आणि सफरचंदं, नाशपाती, संत्री, जे दिसलं ते घेऊन आली. एरवी तिला फळांचं काय कौतुक! गावाबाहेरच्या फळांच्या गोदामात ती प्रतवारीचं काम करायची. दिवसभर पट्ट्यावरून सफरचंदं येत, ती मोठी वेगळी, लहान वेगळी, डाग पडलेली वेगळी काढायची. तासातून एकदा एखादं कापून त्याच्या रसाची गोडी मोजायची. घरी फळ आणलं की नवरा म्हणायचा, "आज ओव्हरटाइम का?" पण त्या दिवशी नाशपाती सोलायला तिने नर्सकडून सुरी मागून आणली.

तिने मऊशी फोड बाबांच्या ओठांशी धरली. बाबांनी ती तोंडात घेतली, एकदा चावली आणि थुंकून टाकली.

"फळ," ते म्हणाले.

"हो बाबा, फळच आहे. संत्रं देऊ?"

"फळ!" त्यांनी डाव्या हाताने बशी अशी उडवली की फोडी शेजारच्या पेशंटच्या पांघरुणावर जाऊन पडल्या. मग तिचं मनगट धरून, डोळ्यांत डोळे घालून, एखाद्या मठ्ठ पोराला समजावावं तसं हळू आणि सावकाश: "फळ. फळ, फळ. फळ."

धाकटीला काही म्हणजे काही कळेना.

संध्याकाळी डेपोतून दादा आला. दादा बसच्या वेळापत्रकांचं काम बघायचा, त्यामुळे त्याचं सगळं कसं मिनिटावर. बरोबर सहा वाजता तो दारात उभा राहिला. धाकटी उत्साहाने म्हणाली, "दादा, बाबा बोलायला लागले!" बाबांनी दादाला पाहिलं, उशीवरून डोकं जरासं उचललं आणि म्हणाले, "फळ."

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. तो पाच मिनिटं खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला आणि "गाडी चुकेल" म्हणून निघून गेला. त्याची गाडी कधी चुकल्याचं धाकटीने आयुष्यात ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी स्पीच थेरपिस्ट आली. तरुण मुलगी, गळ्यात ओळखपत्र, हातात चित्रांच्या कार्डांचा गठ्ठा. तिने बाबांना कपाचं चित्र दाखवलं. "फळ," बाबा म्हणाले. घराचं चित्र. "फळ." कुत्र्याचं. "फळ," आणि वर कौतुकाने हसलेसुद्धा, जणू कुत्रा ओळखीचा होता.

"असं होतं," बाहेर व्हरांड्यात ती म्हणाली. "मेंदूतला बोलण्याचा भाग दुखावलाय. सगळे शब्द अडकलेत आणि एकच बाहेर पडतोय. काहीही सांगायचं असलं तरी तोच येणार."

"पण हाच का? 'फळ'च का?" धाकटीने विचारलं.

"ते सांगता येत नाही. झटका आला तेव्हा ते त्याच शब्दाचा विचार करत असतील, असंही असू शकतं. किंवा तसं काहीच नसेल. माझ्याकडे एक आजोबा होते, ते वर्षभर नुसतं 'मंगळवार' म्हणायचे."

"मग मी एकेक विचारते ना. 'हे हवं का, ते हवं का.' ते मान हलवतील."

"हलवतील, पण त्यावरही फार विसंबू नका. 'हो' आणि 'नाही'चाही सध्या गोंधळ आहे. लिहिण्याचंही तेच. धीर धरा. रोज बोलत राहा त्यांच्याशी."

धाकटीने मान डोलावली, पण तिला ते पटलं नाही. ज्या माणसाने जन्मभर मोजूनमापून शब्द वापरले, तो एकच शब्द तीनशे वेळा उगाच कसा म्हणेल? त्यात काहीतरी असणारच. आपल्यालाच ऐकू येत नाहीये.

दोन आठवड्यांनी बाबांना घरी आणलं. घर म्हणजे वर दोन खोल्या आणि खाली त्यांचं वर्कशॉप. आई गेल्यापासून ते तिथे एकटेच राहत. धाकटीने गोदामात सकाळची पाळी मागून घेतली आणि दुपारपासून ती तिथेच मुक्कामाला येऊ लागली. सकाळी बाबांजवळ बसायला आली आत्या, बाबांची थोरली बहीण. आत्याला घरात सगळं कळत असे, विचारलं नाही तरी.

"काय म्हणतो ते मला विचार," तिसऱ्याच दिवशी आत्या भाजी निवडता निवडता म्हणाली. "बापाचा जीव कशात अडकलाय ते दिसतंय मला."

"कशात?"

"तुझ्या लग्नाला किती वर्षं झाली?"

"सहा," म्हणता म्हणता धाकटीच्या लक्षात आलं, ही गाडी कुठे चाललीय.

"सहा वर्षं झाड आहे, फळ नाही. दुसरं काय म्हणणार बिचारा? तुझ्याकडे बघूनच जास्त म्हणतो, पाहिलंस का?"

"आत्या, ते माझ्याकडे बघून म्हणतात कारण मी समोर असते. कपाटाकडे बघूनही म्हणतात."

"कपाटाकडे बघून रडत नाही तो."

ते मात्र खरं होतं. धाकटी उठून स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली. बाबांनी या विषयावर कधी अवाक्षर काढलं नव्हतं. उलट एकदा कुणा पाहुणीने विचारलं, तेव्हा बाबांनीच "तिचं ती बघेल" म्हणून पाहुणीला गप्प केलं होतं. पण मनात असेल तर? आतून बाबांचा आवाज आला, "फळ?" शेवटी स्वर वर गेलेला, प्रश्नासारखा. त्या दिवसापासून तो शब्द तिला पोटात कुठेतरी ऐकू यायला लागला. बाबांना सरळ विचारावं असं दहा वेळा मनात आलं. पण विचारून उत्तर काय मिळणार होतं, ते तिला माहीत होतं.

गोदामातही डोक्यात तेच. एकदा डब्याच्या सुट्टीत तिने प्रयोगशाळेतल्या तपासनीस बाईला सहज विचारलं, "बाई, फळ म्हणजे नक्की काय हो?"

बाईंनी हातातलं सफरचंद मधोमध चिरलं. "हे बघ. आपण खातो तो गर म्हणजे खरं फळ नव्हेच. फुलाचा खालचा भाग फुगून झालेला असतो तो. खरं फळ हे, मधला बियांचा गाभा, जो आपण फेकून देतो."

"म्हणजे मी गेली नऊ वर्षं..."

"प्रतवारी केलीस ती फुगलेल्या दांड्याची," बाई हसून म्हणाल्या. "आणि टोमॅटो, वांगी, काकडी, भोपळा, झाडून सगळी फळं. बाजारात भाजी, झाडावर फळ."

धाकटी पट्ट्यावर परत गेली, पण त्या दिवशी तिच्या हातून तीन खोकी चुकीच्या प्रतीत गेली.

दादा रोज सहाला यायचा. दारातच थांबायचा. बाबा "फळ" म्हणाले की त्याची मान खाली जायची. एके दिवशी तो निघाला, तेव्हा धाकटी त्याच्यामागे जिन्यात आली आणि तिने त्याची बाहीच धरली.

"तुझं काय चाललंय? खोलीत येऊन बसायला काय होतं तुला?"

दादा कठड्याला टेकला. बराच वेळ कठड्याची पॉलिश नखाने खरवडत राहिला. "त्या दिवशी त्यांनी मला फोन केला होता," तो म्हणाला. "साडेबाराला. म्हणाले, उजवा हात बधिर वाटतोय, हातातून पेचकस सुटतोय. मी म्हणालो, दमला असाल, पडा जरा, संध्याकाळी येतो. माझी पावसाळी वेळापत्रकं लागायची होती. दीडला शेजाऱ्यांनी त्यांना खाली वर्कशॉपमध्ये पडलेलं पाहिलं."

धाकटीला हे नवीनच होतं.

"आता ते मला बघून काय म्हणतात, तुला अजून कळलं नाही? जन्मभर पोरांसाठी खपले, त्याचं हे फळ. तेवढंच म्हणतात. शब्द एकच आहे, पण पुरेसा आहे."

"ते कुत्र्याच्या चित्रालाही तेच म्हणतात रे."

"कुत्र्याला हसून म्हणतात," दादा म्हणाला आणि जिना उतरून गेला.

आता धाकटीचं डोकं पार चक्रावलं. मूल, शाप, नाशपाती. एका शब्दात माणसाने किती कोंबावं? समोरच्या बिल्डिंगमध्ये कोशवाले काका राहत. निवृत्त होईपर्यंत त्यांनी शब्दकोशाच्या कचेरीत काम केलं होतं, आणि निवृत्तीनंतरही शब्द दिसला की त्यांना त्याचं मूळ खणल्याशिवाय चैन पडत नसे. बाबांनी त्यांच्या खोलीत पुस्तकांसाठी भिंतभर फळ्या मारून दिल्या होत्या. धाकटी त्यांच्याकडे गेली आणि तिने सगळं सांगितलं.

काका खूश झाले, मग आपण खूश झालो म्हणून ओशाळले. "बस," ते म्हणाले. "सोपा दिसतो, पण मोठा बेरकी शब्द आहे तो. झाडाचं फळ तर आहेच. मग परिणाम, लाभ, मोबदला. गणितात क्षेत्रफळ, घनफळ. बाणाच्या टोकालाही पूर्वी फल म्हणत. नशीब फळफळतं, प्रयत्न निष्फळ होतात, गाय फळते, म्हणजे गाभण राहते. आणि तुझ्या बाबांच्या धंद्यातली फळी! फलक, त्याची झाली फळी आणि फळा. लढाईतली माणसांची रांग तीही फळी. चेंडू मारायच्या फळीवरून फलंदाज. शेत नांगरायचा फाळसुद्धा जवळचाच."

"एवढे? पण हे सगळे एकाच घरातले कसे?"

"तिथेच तर गंमत आहे. संस्कृतमध्ये फल् असे दोन धातू सांगतात. एकाचा अर्थ निपजणं, सिद्धीला जाणं. दुसऱ्याचा अर्थ फुटणं, दुभंगणं. म्हणजे फळ म्हणजे जे झालं, पूर्ण झालं ते. किंवा फळ म्हणजे जे पिकून तडकतं, फुटतं ते. लाकूड फोडलं की फळी होते, जमीन फोडतो तो फाळ."

"मग दोन्हींपैकी खरं कुठलं?"

"काही विद्वान म्हणतात, दोन्ही नाही. द्रविड भाषांमध्ये पिकलेल्या फळाला पळम् म्हणतात, तिथून तो शब्द आला. दुसरे म्हणतात, छे, उलटं."

"काका, पण नक्की काय?"

कोशवाले काकांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसला. "तीस वर्षं मी या कामात काढली, मुली. 'नक्की' हा शब्द आम्ही फार जपून वापरायचो." मग तिचा पडलेला चेहरा बघून घाईघाईने म्हणाले, "पण माणूस सुतार आहे. मी असतो तर झाडाकडे नसतो गेलो. फळीकडे गेलो असतो."

धाकटीला हे पटलं. घरी परतताना तिने वर्कशॉप उघडलं. भुशाचा आणि सरसाचा वास तसाच कोंडलेला होता. तिने भिंतीला टेकवलेली एक हातभर फळी उचलली आणि वर नेऊन बाबांच्या मांडीवर ठेवली. "ही का बाबा? फळी?"

बाबांनी डावा हात फळीवरून फिरवला. अंगठ्याने कड तपासली. फळी नाकाशी नेली. आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "फळ," ते पुटपुटले.

"सापडलं!" धाकटी ओरडली. आत्या आतून पदर सावरत धावत आली. पण पुढे काय? फळीचं काय करायचं? बाबांनी ती बाजूला सारली आणि पुन्हा तिचं मनगट धरलं. तिने एकेक विचारायला सुरुवात केली. कपाटाची फळी? टेबलाची? माळ्यावरची? प्रत्येकाला मान हलत होती, कधी उभी, कधी आडवी, कधी गोल. "शाळेचा फळा?" तिने शेवटचं म्हणून विचारलं. बाबा ताठ झाले. "फळ! फळ, फळ, फळ!" आणि डाव्या हाताचं बोट खिडकीबाहेर.

जवळच्या शाळेतले सगळे फळे बाबांच्याच हातचे होते. दर सुट्टीत ते तिथे जाऊन काय मोडलं-तुटलं ते बघून येत. दुसऱ्या दिवशी पाळी संपवून धाकटी थेट शाळेत गेली. सुट्टी अजून चालू होती. मुख्याध्यापिका एकट्याच कचेरीत बसून बक्षिसांना लेबलं लावत होत्या. बाबांची चौकशी केली, हळहळल्या.

"फळे? नाही हो, फळ्यांचं काही काम नव्हतं यंदा," त्या म्हणाल्या. "मागच्या महिन्यात ते सभागृहातल्या स्टेजचं काम करत होते. कुजलेल्या फळ्या बदलायच्या होत्या. आजारी पडले त्या दिवशी सकाळीसुद्धा इथेच होते. साधारण बाराला गेले. काम मात्र पुरं करून गेले, शनिवारी शाळा उघडते, त्याच दिवशी आमचा बक्षीस समारंभ आहे ना."

"मी बघू का जरा?"

मुख्याध्यापिका तिला घेऊन गेल्या, त्या सभागृहात खुर्च्या मांडून झाल्या होत्या. स्टेजवर मागच्या बाजूला नव्या फळ्या पिवळ्याधमक उठून दिसत होत्या. धाकटी वर चढली. एक फळी, दुसरी, तिसरी, सगळ्या घट्ट. शेवटून दुसरीवर, कडेच्या बाजूला, तिचा पाय पडला मात्र, फळीचं दुसरं टोक एखाद्या झोपाळ्यासारखं वर उचललं गेलं आणि तिचा पाय मांडीपर्यंत खाली गेला. खाली पुरुषभर खोल पोकळी होती, तिथे जुन्या लोखंडी बाकांचा ढीग. तिने शेजारची फळी कवटाळली म्हणून वाचली. मुख्याध्यापिकांनी किंचाळून तिला वर ओढलं.

दोघींनी मिळून ती फळी उचलून पाहिली. एकाही टोकाला स्क्रू नव्हता. नुसती जागेवर ठेवून दिलेली. "शनिवारी इथे गाणाऱ्या मुली उभ्या राहणार होत्या," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "मागच्या रांगेत. बावीस जणी." आणि त्यांनी दोन खुर्च्या वर आणून त्या जागेपुढे आडव्या ठेवल्या.

हातातून पेचकस सुटतोय. दादाचं जिन्यातलं वाक्य धाकटीला आता कळलं. इथेच सुटला असणार. ती फळी नुसती ठेवून बाबा घरी गेले असणार, जेवून परत येऊ म्हणून. आणि मग ते महिनाभर पलंगावर पडून ओरडत होते, आणि आपण त्यांना संत्री सोलून देत होतो.

गुडघा सोलवटलेला, चप्पल एकच, अशा अवतारात तिने दादाला डेपोत फोन केला. दादा अर्ध्या तासात एका सुताराला घेऊन हजर झाला. फळीला आठ स्क्रू मारले. दादाने स्वतः तिच्यावर चार-पाच उड्या मारून पाहिल्या. बसच्या वेळापत्रकाचा माणूस, टाय घातलेला. मग दोघं बहीण-भाऊ जवळजवळ धावतच घरी गेले.

"बाबा, फळी बसवली! स्टेजची! आता काही भीती नाही," धाकटी एका दमात म्हणाली. दादा पहिल्यांदाच खोलीत आत आला, पलंगावर बसला आणि त्याने बाबांचा निर्जीव हात दोन्ही हातांत धरला.

बाबांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग दादाकडे. चेहरा सैल पडला. त्यांनी एक मोठा श्वास सोडला, डोळे मिटले आणि ते झोपले. आत्याने तोंडाला पदर लावला. कोशवाले काकांना ही बातमी कळली, तेव्हा ते नुसतं "फळी, अं!" म्हणाले आणि कितीतरी वेळ खिडकीत उभे राहिले. त्या एका संध्याकाळी घरात सगळ्यांना सगळं कळलेलं होतं.

सकाळी साडेसहाला बाबांनी डोळे उघडले, धाकटीकडे पाहिलं आणि खडसावून म्हणाले, "फळ!"

तिच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला. "बसवली ना बाबा ती. आठ स्क्रू मारलेत."

"फळ, फळ!" तोच राग, तेच मनगट धरणं, तेच बोट खिडकीकडे. खिडकीतून शाळेची दिशाही दिसत होती आणि कोशवाल्या काकांचा पुस्तकांनी भरलेली खोलीही, आणि मधे वाळत घातलेले कपडे, आणि आभाळ.

तिने थेरपिस्टला फोन केला. "तुम्ही बावीस मुलींना वाचवलंत, ते फार चांगलं झालं," ती म्हणाली. "पण त्यांना तेच म्हणायचं होतं की नाही, ते मला खरंच सांगता येणार नाही."

दादा दुसऱ्या दिवसापासून परत दारात उभा राहायला लागला. आत्याने धाकटीकडे बघून परत उसासे टाकायला सुरुवात केली, पण धाकटीने एकदा तिला स्वच्छ सांगितलं, "आत्या, त्याविषयी पुन्हा बोललीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही." आत्या चार दिवस रुसली आणि मग बोलेनाशी झाली, म्हणजे त्या विषयावर.

पुढचे महिने असेच गेले. धाकटीने अर्थ शोधायचा सोडला आणि नुसते सूर ऐकायला शिकली. लांबवलेलं 'फऽळ' म्हणजे कंटाळा. तुटक 'फळ' म्हणजे पाणी, किंवा पाणी नको. तिला वाटायचं जमतंय, आणि मग दहापैकी सहा वेळा चुकायचं. पावसाळा संपता संपता एका दुपारी बाबा अचानक म्हणाले, "नको." मग आठवड्याने "उघड." मग "गार." शब्द एकेक करून येत होते, कुठल्याशा लांबच्या प्रवासाहून दमून आल्यासारखे. 'फळ' हळूहळू विरळ होत गेला आणि एक दिवस धाकटीच्या लक्षात आलं, दोन दिवसांत तो आलाच नाही.

थंडी पडली तोवर बाबा वाक्यं जोडायला लागले. मोडकीतोडकी, मधे लांब खड्डे, पण वाक्यं. एका रविवारी दुपारी दादाही आलेला होता. धाकटीला राहवलं नाही.

"बाबा, तुम्ही एवढे महिने 'फळ' म्हणायचात. ते काय होतं?"

"काय... म्हणायचो?"

"फळ. नुसतं फळ. दुसरा शब्दच नाही."

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती थट्टा करतेय. मग दादाकडे. दादाने मान डोलावली.

"छे," बाबा म्हणाले. "मी बोलत होतो. नीट. सगळं. तुम्हीच... तुम्हाला... ऐकू येत नव्हतं. मला वाटलं, पोरं... बहिरी झाली."

"काय बोलत होता?"

"सगळं. चष्मा द्या. पंखा... बंद. हिला म्हणत होतो, घरी जा. किती दिवस... नवरा एकटा." ते दमले, थांबले. "त्या माणसाला हलवा म्हणत होतो. हॉस्पिटलात. घोरायचा."

"आणि स्टेजची फळी? शाळेतली? ती नुसती ठेवलेली होती, बाबा. मी पडता पडता वाचले."

बाबांच्या कपाळाला आठी पडली. "नुसती? नाही. बसवली होती. मी."

"स्क्रू नव्हते तिला."

"बसवली होती," बाबा ठासून म्हणाले. चाळीस वर्षांच्या सुताराला याहून जास्त काही म्हणायचं नव्हतं.

धाकटीने स्वतःच्या हातांनी ती फळी उचलली होती, गुडघ्यावर अजून वण होता. मग बाबा तिला बोलावत होते ते कशासाठी? तिने विचारलं ते 'शाळेचा फळा' ऐकून ते ताठ का झाले? की ते तेव्हाही घोरणाऱ्या माणसाबद्दलच सांगत होते? आणि तसं असेल तर त्या बावीस मुली कशाने वाचल्या?

तेवढ्यात दादा घसा खाकरून म्हणाला, "बाबा, त्या दिवशी तुम्ही मला फोन केला होता. साडेबाराला."

"फोन?"

"हात बधिर वाटतोय म्हणालात. मी आलो नाही. म्हणालो, पडा जरा." दादा मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा सोडून परत लावायला लागला. "मला वाटायचं, तुम्ही मला तेच... रोज तेच सुनावताय."

बाबा आठवायचा प्रयत्न करत राहिले. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा दोनदा सरकला. "आठवत नाही," ते शेवटी म्हणाले. आणि जरा वेळाने, खरोखरच न कळून, "बरं. मग?"

दादाने ओंजळीत तोंड खुपसलं. त्याचे खांदे हलायला लागले. तो हसतोय की रडतोय, हे धाकटीला कळेना. कदाचित त्यालाही कळत नसावं. बाबा गोंधळून तिच्याकडे वळले.

"याला काय झालं?"

तिने सांगायला तोंड उघडलं, पण कुठून सुरुवात करावी तेच तिला समजेना.

"काही नाही, बाबा," ती म्हणाली. "चहा टाकते." आणि ती उठून आत गेली.